बिनडब्याच्या सीडी

सांता क्लारा म्हटलं की लोकांना इंटेल आठवतं, एनव्हिडिया आठवतं, फार तर लिव्हाइज स्टेडियम. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना एल कमिनोवर डोसा खायला घालतो, मिशन कॉलेज बुलेवार्डवरची इंटेलची निळी पाटी दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी गोल्डन गेट बघायला पाठवून देतो. पंचवीस वर्षं इथे राहूनही माझी या गावाशी ओळख साधारण एवढीच होती. घर, ऑफिस, मुलाची शाळा, वाणसामान. निवृत्त झाल्यावर मात्र हे गाव मला एका वेगळ्याच वाटेने कळायला लागलं. ती वाट पोस्टाकडे जाते.

गेली चार वर्षं मी ऑनलाइन लिलावात सीडी विकते. नव्याकोऱ्या नव्हेत, डब्यातल्याही नव्हेत. सुट्या, बिनडब्याच्या. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी त्या आहेत आणि कुठे आहेत ते आपल्याला आठवत नाही. गराजमध्ये, लायब्ररीने मोडीत काढलेल्या पुस्तकांच्या खोक्याखाली, चेनवाल्या काळ्या फोल्डरमध्ये, एका पानावर चार अशा.

या सीडी सुट्या का झाल्या, हे आपल्या पिढीला सांगायला नको. पुण्याला गेलं की फाउंटन म्युझिकच्या, अलूरकरांच्या, एचएमव्हीच्या सीडींची चळत घ्यायची. निघायच्या आदल्या रात्री बॅगा वजनकाट्यावर चढवायच्या. पूर्वी बत्तीस किलोच्या दोन बॅगा चालत, पुढे तेवीस किलोवर आलं. डब्यासकट सीडीचं वजन साधारण शंभर ग्रॅम, नुसत्या तबकडीचं पंधरा-सोळा. चाळीस सीडींचे डबे काढले की साडेतीन किलो मोकळे होतात, म्हणजे भाजणी, मेतकूट आणि दोन प्रकारचे लाडू. निर्णयाला कितीसा वेळ लागणार? डबे सासरी राहिले, तबकड्या सांता क्लाराला आल्या. ज्यांनी हौसेने डबे आणले, त्यांनीही ते पुढे गाडीत ऐकायला म्हणून काढून टाकले.

आता गाडीत सीडी घालायला फट नाही, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. आपल्यातली काही मंडळी मोठं घर विकून लहान घरात चालली आहेत, काही मुलांजवळ टेक्ससला, काही कायमची पुण्याला. निघताना फोन येतो, "ताई, सीडी आहेत दीडशे. टाकवत नाहीत. तुम्ही बघता का?" माझा मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं फोनवर मिळतं." सगळं मिळत नाही. लहान कंपन्यांनी काढलेली भावगीतं, एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, नाटकाचा त्या विशिष्ट नटसंचातला प्रयोग, यातलं बरंच काही फोनवर शोधूनही हाती लागत नाही. आणि ज्याला हवं असतं त्याला नेमकं तेच हवं असतं.

हा धंदा करायला सांता क्लाराइतकं योग्य गाव नाही, हे मला नंतर उमगलं. ऑनलाइन लिलाव रुजला तो शेजारच्या सॅन होजेत. १९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिद्यार यांनी ऑक्शनवेब नावाची साइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंट्सना. मोडका आहे हे कळलंय ना, असं विचारल्यावर घेणाऱ्याने सांगितलं की मी मोडकेच जमवतो. सुट्या सीडी विकणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा धीर कोण देणार? हॅमिल्टन अव्हेन्यूवरचं त्यांचं ऑफिस माझ्या घरापासून काही मैलांवर आहे.

आणि सुटी तबकडी पोस्टाने जाते, हे सिद्ध झालं ते डोंगरापलीकडे, हायवे सतराने उतरून गेल्यावर लागणाऱ्या सांता क्रूझमध्ये. १९९७ साली रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांना डीव्हीडी पोस्टाने भाड्याने द्यायची कल्पना सुचली होती. तेव्हा डीव्हीडी इतक्या नवीन की हाताशी एकही नव्हती. म्हणून त्यांनी एक वापरलेली सीडी विकत घेतली, ग्रीटिंग कार्डाच्या पाकिटात घातली आणि हेस्टिंग्जच्याच पत्त्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती न मोडता पोचली. त्यातून नेटफ्लिक्स उभी राहिली. २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी शेवटची तबकडी पाठवली, तोवर पाच अब्जांहून जास्त तबकड्या पोस्टातून गेल्या होत्या. बहुतेक सगळ्या बिनडब्याच्या, लाल पाकिटातून.

आता कामाचं बोलू. हे वाचून कोणाला आपला फोल्डर काढावासा वाटला तर उपयोगी पडेल.

आधी तबकडी ओळखायला शिकावं. सीडी १९८२ साली बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, एक पूर्णांक दोन मिलिमीटर जाडीची. आपण सगळे चमकती बाजू जपतो आणि छापील बाजू खाली टेकवतो. नेमकं उलटं करायला हवं. लेझर चमकत्या बाजूने, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पूर्ण जाडीतून आत बघतो. गाणं कोरलेलं असतं ते वर, छपाईच्या लगेच खाली, ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरात आणि त्यावर लॅकरचा हात. चमकत्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा घासून घालवता येतो. छापील बाजूचा ओरखडा ॲल्युमिनियमपर्यंत गेला की तिथलं गाणं गेलं. सीडी दिव्यासमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तर ती तबकडी विकू नका, निदान तसं स्पष्ट लिहून विका. डीव्हीडीत माहिती दोन पातळ तबकड्यांच्या मध्ये असते, त्यामुळे वरच्या ओरखड्याला ती जरा सोशिक, पण वाकवली तर मधल्या भोकाजवळ तडा जातो.

पुसायची असेल तर मऊ फडक्याने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवून पुसू नये. गोल ओरखडा गाण्याच्या वाटेवरूनच जातो, आडवा ओरखडा ती वाट नुसती ओलांडतो आणि यंत्र तेवढं सावरून घेतं.

बांधणीचं मुख्य सूत्र एकच. तबकडी पाकिटात हलता कामा नये आणि पाकीट वाकता कामा नये. प्रत्येक तबकडीला कागदी पाकीट. पाच-सहा झाल्या की वर-खाली पुठ्ठा. मी त्यासाठी आंब्यांच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवते. २००७ साली भारतातले आंबे इथे यायला परवानगी मिळाली, तेव्हापासून आपल्या घरात मे-जूनमध्ये या पुठ्ठ्याला तोटा नाही. पन्हळी पुठ्ठ्याच्या रेघा एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या ठेवायच्या, म्हणजे गठ्ठा कुठल्याच दिशेने वाकत नाही. चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला, आणि तीही रंगारी वापरतात ती निळी, सहज निघणारी. रबरबँड नको, तो उन्हाळ्यात वितळून चिकटतो. मग सगळं बुडबुड्यांच्या पाकिटात. शेवटी कानाजवळ धरून हलवायचं. नारळ हलवून पाणी बघतो तसं, फक्त इथे आवाज आला की नापास.

साधं पत्राचं पाकीट वापरावं का, असं सगळे विचारतात. नेटफ्लिक्सला चाललं, मग आपल्याला का नाही? पत्रं वर्गवारीच्या यंत्रात पट्ट्यांमधून, रुळांभोवती वळत वेगाने जातात. कडक पाकीट तिथे अडतं, म्हणून त्याला जादा आकार पडतो. पाव इंचापेक्षा जाड झालं की ते पत्र राहतच नाही. नेटफ्लिक्सचं पाकीट लवचिक होतं, त्यावर त्यांनी अनेक वर्षं खटपट केली होती आणि मोडली तर दुसरी तबकडी पाठवायची त्यांची तयारी होती. माझ्याकडे त्या गाण्याची दुसरी तबकडी नसते. मी पार्सलच करते.

एकदोन तबकड्या असल्या तर ग्राउंड ॲडव्हांटेज. जास्त असल्या तर मीडिया मेल. हा दर अमेरिकेच्या पोस्टात १९३८ मध्ये पुस्तकांसाठी सुरू झाला, रूझवेल्ट यांच्या काळात. वाचनाची गोष्ट देशात कुठेही एकाच स्वस्त दरात पोचावी हा हेतू. पुढे ध्वनिमुद्रणंही त्यात आली. अंतर किती हे बघत नाहीत, फक्त वजन. पहिल्या पौंडाला एकच दर. आता हिशोब करा. पौंड म्हणजे चारशे चोपन्न ग्रॅम. डब्यातल्या चार सीडींत तो संपतो. सुट्या वीस सीडी पुठ्ठ्यासकट बसतात. आपण लाडवांसाठी जे डबे टाकले, ते असे फळाला आले.

मीडिया मेलला पथ्यं आहेत. आत जाहिरात चालत नाही, व्हिडिओ गेम चालत नाही आणि पोस्ट ते उघडून तपासू शकतं. म्हणून मी प्रत्येक गठ्ठ्यावर आत काय आहे त्याची यादी ठेवते, इंग्रजीत. भारतात पाठवायचं असेल तर हा दर नाही. परदेशी जाणाऱ्या साध्या पाकिटात फक्त कागदपत्रं चालतात, वस्तू असेल तर कस्टम्सचा फॉर्म भरून पार्सलच. खर्च सीडीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. नाशिकच्या एका गृहस्थांना नाट्यसंगीताची एक सीडी हवी होती. शेवटी त्यांची भाची सनीवेलहून जाणार होती, तिच्या पर्समधून गेली.

यादी लिहिताना खरं लिहावं. नाटकाच्या व्हीसीडी असतील तर विशेष. एका व्हीसीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात, त्यामुळे नाटक दोन किंवा तीन तबकड्यांवर असतं. सुट्या झाल्या की त्यांची ताटातूट होते. माझ्याकडे एका नाटकाचा पहिला अंक दोनदा आहे, शेवटचा एकदाही नाही. डीव्हीडीवर प्रदेशाचा आकडा असतो, अमेरिकेचा एक, भारताचा पाच. शिवाय तिकडचं चित्र पाल पद्धतीचं, इकडचं एनटीएससी. पाच आकड्याची तबकडी इथल्या जुन्या प्लेअरमध्ये चालणार नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलं की पुढची भांडणं टळतात.

विकणं कायद्यात बसतं का, असं एका सावध मैत्रिणीने विचारलं होतं. मूळ छापील तबकडी असेल तर बसतं. तुम्ही एकदा विकत घेतलेली प्रत तुमची, ती तुम्ही पुढे विकू शकता, हे तत्त्व अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९०८ मध्ये एका पुस्तकाच्या खटल्यात मान्य केलं आणि नंतर ते कायद्यात आलं. परदेशात घेतलेल्या प्रतींचं काय, हा प्रश्न २०१३ मध्ये सुटला. सुपाप किर्त्सेंग हा थायलंडहून आलेला विद्यार्थी घरच्यांकडून तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून इथे विकत असे. प्रकाशकाने खटला भरला, सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. लक्ष्मी रोडवर घेतलेली सीडी सांता क्लारात विकता येते ती त्यामुळे. पण घरी कॉपी केलेली सीडी मात्र विकता येत नाही, विकूही नये.

आणि इथेच या कामातला अवघड भाग सुरू होतो. कारण फोल्डरमधल्या निम्म्या तबकड्या घरी भरलेल्या असतात. वर मार्करने लिहिलेलं, "पिकनिक २००२", "मुंज", "आई – हॉस्पिटलनंतर". घरचे घाईत असतात. गठ्ठा देताना म्हणतात, "नको असलेलं टाकून द्या." मी एकही तबकडी न बघता टाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रूनरिज अव्हेन्यूजवळचं एक कुटुंब घर विकून ऑस्टिनला गेलं. त्यांचा फोल्डर माझ्याकडे आला. अभंग आणि हिंदी चित्रपटांच्या मध्ये एक सोनेरी तबकडी, वर फक्त "नाना, २००३". माझ्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली. तीन मिनिटं यंत्र घरघरत राहिलं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला. ते सातारी बोलीत आपल्या लहानपणच्या गावाविषयी सांगत होते, मधूनमधून एक लहान मुलगा इंग्रजीतून प्रश्न विचारत होता आणि ते मराठीतून उत्तर देत होते. मी बंद केलं आणि ऑस्टिनला फोन लावला.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "अहो, ती आम्ही दोन घरं बदलताना शोधत होतो." नाना त्या भेटीनंतर पुन्हा अमेरिकेत आले नव्हते. प्रश्न विचारणारा मुलगा आता एकतीस वर्षांचा आहे.

घरी भरायच्या सीडीत ॲल्युमिनियममधले खड्डे नसतात. तिथे एक रंगद्रव्याचा थर असतो, लेझर त्यावर खुणा भाजतो. उन्हाने, उष्णतेने, काळाने तो रंग उडतो. कंपनीची छापील सीडी नीट ठेवली तर कितीतरी टिकते, घरची तितकी टिकेलच असं नाही. नानांच्या तबकडीवर सात भाग होते. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमधून, अगदी हळू वेगाने वाचून, चार भाग पूर्ण उतरले, पाचवा अर्धा. एकूण तेवीस मिनिटं. उरलेलं कुठल्याच यंत्राला वाचता आलं नाही. ती फाइल मी त्यांना पाठवली आणि तबकडीही पाठवली, चार थरांचे पुठ्ठे लावून. मुलाने उलट निरोप पाठवला, मराठीत, रोमन लिपीत. त्याला आपला प्रश्न ऐकू येत होता, पण उत्तरातले दोन शब्द कळत नव्हते. ते मी त्याला सांगितले. एक होता 'मोट', दुसरा 'पेव'. विहिरीतून पाणी काढायची आणि जमिनीत धान्य साठवायची, दोन्ही त्याने कधी बघितलेली नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी घरच्या तबकड्या, मग विक्रीच्या. विकल्या जाणाऱ्याला दोन-चार डॉलर येतात, टपालखर्च अनेकदा त्याहून जास्त. पण गिऱ्हाइकं मजेची भेटतात. आयोवातल्या एक आजी फक्त कीर्तनं घेतात. ओरेगनमध्ये तबला शिकणारा एक अमेरिकन तरुण आहे, त्याला गाणारा कोण याच्याशी देणंघेणं नसतं, साथीला कोण ते विचारतो. अलास्कातल्या एका जोडप्याने बालगीतं घेतली आणि कळवलं की गावात मराठी घर एकच, त्यांचं.

सोमवारी आणि गुरुवारी मी गठ्ठे घेऊन निघते. फ्रँकलिन स्ट्रीटच्या बाजूला, जुन्या गावठाणात. जवळच विद्यापीठ आहे, १८५१ चं, आणि त्याच्या आवारात १७७७ साली स्थापन झालेलं मिशन, ज्यावरून गावाला नाव मिळालं. सध्याची मिशनची इमारत १९२८ ची, आधीची दोन वर्षांपूर्वी आगीत गेली होती. मिशनसमोर पाम आणि गुलाब आहेत, बसायला बाक आहेत, आणि सकाळी कोणी नसतं. फ्रँकलिन स्ट्रीटवर मात्र गावाचा मध्य असायला हवा तिथे पोकळी जाणवते. १९६० च्या दशकात नगर-नूतनीकरण म्हणून सांता क्लाराने आपली जुनी बाजारपेठ, आठ-एक चौक, पाडून टाकली. त्या जागी म्हणावं तसं काही उभं राहिलंच नाही. आता गावातली मंडळी जुने फोटो जमवून ती पुन्हा उभारायच्या मागे लागली आहेत. पोस्टाच्या रांगेत एका ऐंशीच्या घरातल्या बाईंनी मला हाताने हवेत दाखवलं होतं, इथे सिनेमा थिएटर, तिथे औषधाचं दुकान. त्यांच्या बोटामागे गाड्या लावलेल्या होत्या. पंचवीस वर्षं मी त्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते, ती जागा काय होती ते मला त्या दिवशी कळलं.

प्रूनरिज हे नावही मला असंच उशिरा वाचता आलं. प्रून म्हणजे सुकवलेला प्लम. या खोऱ्यात चिप्सच्या आधी प्लम आणि जर्दाळूच्या बागा होत्या, मैलोन्‌मैल. आता रस्त्याच्या पाटीवर तेवढा उल्लेख राहिला.

दिवाळीच्या आधी आपण घर आवरतोच. यंदा तो काळा फोल्डर बाहेर काढा. छापील तबकड्या एका बाजूला, घरी भरलेल्या दुसऱ्या बाजूला करा. दुसऱ्या गठ्ठ्याला आधी हात घाला, ज्यांचा आवाज असेल त्यांच्या नावासकट दोन ठिकाणी उतरवून ठेवा. ड्राइव्ह नसेल तर माझ्याकडे तीन आहेत, त्यातला एक कुरकुरतो पण तोच सगळ्यात हट्टी आहे. छापील सीडी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना घेऊन या. विकून जे काय चार पैसे येतील ते मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी द्यायचे ठरवलं आहे. कागदी पाकिटं आणि पुठ्ठे मी आणते.

डबे मात्र आणू नका.